परशराम ब्रदरांचा डावा पाय

परशराम ब्रदरना एकच प्रश्न सहा भाषांत विचारता यायचा. त्यातल्या निम्म्या भाषांत त्यांना दुसरं एकही वाक्य येत नव्हतं. मराठीत "कळतंय का?", कन्नडात "गोत्तागुत्ता?", हिंदीत "पता चलता है?", तमिळमध्ये "तेरियुदा?", तेलुगूत "तेलुस्तोंदा?" आणि मल्याळममध्ये "अरियुन्नुंडो?" प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेल्या बोटांना कापसाचा बोळा लावायचा आणि हे विचारायचं. मग बोटं हलवायला सांगायची. मग नख दाबून सोडायचं आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होतंय का ते बघायचं. हाडांच्या वॉर्डात हे दिवसभर चालतं. प्लास्टरच्या आत हात किंवा पाय सुजला, की रक्त पुढे जायचं कमी होतं, आणि आतलं काही बाहेरून दिसत नाही. बोटांवरूनच ओळखायचं.

मी त्या वॉर्डात नोकरीला लागले तेव्हा नर्सिंगचा कोर्स संपवून मला फार दिवस झाले नव्हते. आमचं घर बेंगळुरातल्या चामराजपेटेतलं, पणजोबांपासूनचं. आमची मराठी घरापुरती, कन्नड मिसळलेली, "स्वल्प थांब" आणि "सरी, जाऊया" असली. परशराम ब्रदर बेळगावजवळच्या खेड्यातले. पहिल्या दिवशी ट्रॉलीपाशी उभं राहून मी बँडेज गुंडाळत होते. त्यांनी मागून येऊन विचारलं, "काय करूलालीस?" मला ते मराठी आहे हे कळायला वेळ लागला. कळल्यावर मी हसले. ते हसले नाहीत. बँडेजाची गुंडाळी माझ्या हातातून घेऊन त्यांनी पुन्हा घट्ट गुंडाळून दिली आणि म्हणाले, "तंगी, सैल गुंडाळलं तर बांधताना सैल बसतंय." तंगी म्हणजे धाकटी बहीण. तेव्हापासून ते मला तंगीच म्हणत. मी त्यांना ब्रदर म्हणायची. वॉर्डात आणखी दोघं पुरुष नर्स होते, त्यांना लोक नावानं हाक मारत. नुसतं ब्रदर म्हटलं की परशराम.

ते उंच नव्हते. खांदे रुंद, बोटं जाड, नखं मांसापर्यंत कापलेली. पन्नाशी ओलांडली होती. मांडीचं हाड मोडून वजनं लावून ठेवलेल्या माणसाची चादर बदलायची, तर त्याला किंचित उचलावं लागतं, आणि उचलताना ताण सुटता कामा नये. ब्रदर खालून हात घालत तेव्हा पलंगाच्या टोकाला लोंबणारी वजनं हलतही नसत. पाठ बघायची, कमरेच्या हाडावर कातडी लाल झालीय का ते बघायचं, टाच उशीवरून सुटी आहे का ते बघायचं. हे सगळं ते एका श्वासात केल्यासारखं करत. पण हात लावण्याआधी, प्रत्येक वेळी, सांगत. मराठी माणूस असला तर "हात लावूलालोय", कन्नड असला तर "मुट्टतीनि". बेशुद्ध माणसालाही सांगत. झोपलेल्याला आधी हाक मारून जागं करत, मग सांगत, मग हात लावत.

हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "नवीन होतो तेव्हा एकाला झोपेत हात लावला. तो दचकला. जुळत आलेलं हाड सरकलं." एवढंच. तो माणूस पुढे चालला की नाही, मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यांचं बोलणं असंच असायचं. हसणं, चिडणं, दोन्ही कमी. पेशंटांना ते थंड वाटत. एक बाई तर तक्रार घेऊन आली होती, की माझ्या नवऱ्याशी हा माणूस कधी गोड बोलत नाही. नवऱ्यानं मात्र दुसऱ्या कुणाला पाठ पुसू दिली नाही.

वॉर्डात त्यांच्यामुळे हशा पिकल्याचं मला एकदाच आठवतं. रंगप्पा म्हणून मार्केटातला फुलवाला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि ती काही केल्या शमत नाही. रंगप्पानं जेवणाच्या चमच्याचा दांडा आत घालून खाजवलं, आणि रक्त आलं. आत जखम चिघळली तर सगळं प्लास्टर कापावं लागतं. ब्रदरनी त्याच्या हातातून चमचा घेतला, धुतला आणि परत जेवणाच्या ताटात ठेवला. ओरडले नाहीत. मंगळवारी येताना पिशवीतून केस वाळवायचं यंत्र घेऊन आले. ते राहत ती खोली चामराजपेटेतच होती, खाली बायकांचं ब्यूटी पार्लर. मंगळवारी पार्लर बंद असायचं. यंत्र थंड हवेवर ठेवून त्यांनी रंगप्पाच्या प्लास्टरच्या तोंडाशी धरलं. रंगप्पानं डोळे मिटले आणि "अय्यो देवरे" म्हणाला, अशा आवाजात, की सगळा वॉर्ड हसला. मग बाकीचेही हात वर करायला लागले. पुढे कितीतरी मंगळवार लोक त्या यंत्राची वाट बघत. ब्रदर एकेकाच्या पलंगाशी उभे राहून हवा देत, वीज खात्याच्या माणसासारखा चेहरा करून.

इम्रानचं झालं ते पावसाळ्यात. घरोघरी जेवण पोचवणारा पोरगा, बाविशीतला. गाडी घसरून हात मोडला होता. घरच्यांनी आधी हाडं बसवणाऱ्याकडे नेलं, त्यानं बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या. दोन-तीन दिवस तो ओरडत होता. मग ओरडायचा थांबला, तेव्हा घरच्यांना बरं वाटलं. आमच्याकडे आणलं ते बोटं काळपट दिसायला लागली म्हणून. ब्रदरनी पट्ट्या कापल्या, कापूस लावला. "पता चलता है?" इम्रान भिंतीकडे बघत होता. "नहीं," तो म्हणाला. ब्रदरनी दुसऱ्या बोटाला लावला. "नहीं." डॉक्टर लगेच आले, तासाभराच्या आत त्याला ऑपरेशनला घेतलं. करण्यासारखं होतं ते सगळं केलं. हात कोपराखालून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी, तो करंगळी दुखतेय म्हणायला लागला. कापलेल्या हाताची. आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी त्याला समजावत होती, की भैया, ती बोटं आता नाहीत. ब्रदर आले. भिंतीशी स्टूल होतं ते ओढून त्याच्याजवळ बसले. ड्यूटीवर बसलेले मी त्यांना त्या आधी पाहिले नव्हते.

"कौनसी?" त्यांनी विचारलं.

"छोटीवाली."

"कैसे दुखती है?"

"मुड़ी हुई है। कोई सीधी कर दो।"

ब्रदर त्याच्या धड हाताकडे सरकले. मग म्हणाले, "डोळे मीट. दुसऱ्या हाताची छोटीवाली मुठीत घे. आता हळू सीधी कर." हे त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं. इम्राननं केलं. "और," ब्रदर म्हणाले. तसं कितीतरी वेळ चाललं, मूठ आणि सरळ, मूठ आणि सरळ. त्याचा फायदा झाला की नाही मला सांगता येणार नाही. त्या दुपारी इम्रान झोपला, एवढं खरं. तो घरी जाईपर्यंत प्रत्येक ड्यूटीला ब्रदर त्याला विचारत, आज कौनसी. तोही नेमकं सांगत असे.

त्याच दुपारी ड्यूटीरूममध्ये आम्ही जेवायला बसलो. त्यांच्या डब्यात नेहमीचा भात आणि आमटी. ते नेहमीसारखे जेवले, डबा धुतला. मी माझा डबा उघडलाच नव्हता. मी म्हटलं, "ब्रदर, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, कारण उत्तर यायला वेळ लागला. "वाटत असंल," ते म्हणाले. "पण कुठं वाटतंय ते सापडत नाही."

त्यांच्या घरचं मला थोडंच माहीत होतं. बायको लवकर गेली. मुलगी शारदा गावी त्यांच्या बहिणीकडे वाढली. ब्रदर नोकरीसाठी बेंगळुरात, सणाला गावी जाऊन येत. शारदा लग्न होऊन इथेच जे. पी. नगरात आली, नवरा कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. महिन्यातल्या एका रविवारी ब्रदर तिच्याकडे जात. एकदा तिच्या मुलाच्या बारशाला मलाही नेलं होतं. ब्रदर दाराजवळच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, केळ्यांची फणी टेबलावर ठेवली. बाळाला मांडीवर दिलं तर त्याची तळपावलं बघितली, दोन्ही, आणि परत दिलं. शारदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अप्पा येतात, बसतात, जातात. मी लहान होते तेव्हापासून असंच." तक्रार नव्हती. पाऊस येतो-जातो म्हणावं तसं ती म्हणाली.

इम्रान घरी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रदरांच्या चालण्याचा आवाज बदलला. वॉर्डाची फरशी गुळगुळीत. त्यावर त्यांचं एक पाऊल टेकायचं आणि दुसरं पडायचं. पेशंटांच्या आधी लक्षात आलं, कारण ते पडून असतात आणि त्यांना ऐकायला वेळ असतो. एकानं मला विचारलंही, की ब्रदरच्या बुटाचा तळ सुटलाय का. मी ब्रदरना विचारलं. ते म्हणाले, "बूट जुने झालेत." आणि नवे बूट आणले. आवाज तोच राहिला.

मग एका सकाळी मी ड्यूटीरूममध्ये गेले तर ते बाकावर बसून डाव्या पायातला मोजा काढत होते. मोजा निघत नव्हता, पायाला चिकटला होता. सगळ्या पाऊलभर फोड आले होते, काही फुटले होते. ड्यूटीवरून घरी गेल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसायची त्यांची सवय. आदल्या दिवशी गॅसवरून उतरवलेलं पाणी बादलीत ओतलं आणि त्यात थंड मिसळायचं राहिलं.

"कळलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

ते मोजा सोडवत राहिले. "उजव्याला कळलं," ते म्हणाले. "उजवा घातला तसा काढला. डावा आधीच आत होता."

"कधीपासून असं आहे?"

"झाले काही महिने."

"आणि सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं की माझं उचलायचं बंद करतील." त्यांनी मोजा कचऱ्याच्या डब्यात टाकला. "मग मी इथं येऊन काय करू?"

पुढचं भराभर झालं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. इतकी वर्षं माणसं उचलून कमरेतली चकती सरकली होती आणि पायाकडे जाणारी नस दाबून बसली होती. दुखणं त्यांनी गोळ्या घेऊन निभावलं. दुखायचं थांबलं आणि पाय बधिर व्हायला लागला, तेव्हा त्यांनी गोळ्याही बंद केल्या. ऑपरेशन करायचं ठरलं. नस मोकळी होईल, पण पाय परत येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ब्रदर म्हणाले, "सरी." शारदाला कळवू नका असंही म्हणाले. सही त्यांनी स्वतःच केली.

त्यांना आमच्याच वॉर्डात ठेवलं, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. मणक्याच्या ऑपरेशननंतर माणसाची कूस तिघांनी मिळून एकदम बदलायची असते, पाठ न वळवता. वॉर्डबॉय आले, ज्यांना त्यांनीच हे शिकवलं होतं. ब्रदर म्हणाले, "नको. होईन मी." आणि दात आवळून पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून स्वतःच कुशीवर व्हायला लागले. पोरं हात पुढे करून तशीच उभी राहिली. काय करावं कुणालाच कळेना. शेवटी मोठ्या सिस्टरनी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी दांडा सोडला. तिघांनी त्यांना कुशीवर केलं. त्या वेळी त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. त्यावर काही नव्हतं.

पाय तपासायचं काम माझ्याकडे होतं. जळलेल्या जागेला ड्रेसिंग होतं, पण बोटं आणि नडगी मोकळी होती. कापूस घेऊन मी पायाशी उभी राहिले. "हात लावतेय," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी मला पाणी मागितलं. मी मान वळवून त्यांना थांबा म्हटलं आणि सवयीनं इकडे विचारून टाकलं, "कळतंय का?"

"हो," ब्रदर म्हणाले.

माझा हात अजून वरच होता. त्यांच्या पायापासून वीतभर लांब.

मी शेजारच्या आजोबांना पाणी दिलं. परत आले. ते डोळे मिटूनच होते.

"ब्रदर, मी अजून लावला नव्हता."

वॉर्डात कुणाचा तरी फोन वाजत होता, तो वाजून थांबला.

"मग लाव की," ते म्हणाले.

मी अंगठ्याला लावला. "नाही." पावलाच्या वरच्या बाजूला. "नाही." नडगीच्या बाहेरच्या बाजूला. "नाही." घोट्याच्या आतून. "हितं थोडं. जाड कापडावरनं लावल्यागत." करंगळीच्या कडेला. "नाही. पिन लावून बग." मी पिन लावली. "नाही. अंगठा वर करूलालोय, होतोय का?" अंगठा जागचा हलला नव्हता. "नाही, ब्रदर," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. आपल्या वॉर्डातल्या दुसऱ्याच कुणाच्या पायाबद्दल ते मला सांगत आहेत असं वाटत होतं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे जात होतं आणि ते त्यांना जाणवलेलं दिसत नव्हतं. "पुसतेय," मी म्हटलं आणि पुसलं.

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. "तंगी, शारदाला फोन कर."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मूल शेजारणीकडे ठेवून, दोन बस बदलून. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि पायाकडे बघत राहिली.

"अप्पा, कधी झालं हे?"

"झालं हळूहळू."

"मला का नाही सांगितलं?"

ब्रदर छताकडे बघत होते. "तुझं काय दुखतंय-खुपतंय मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "तू तापात होतीस, मी हितं दुसऱ्यांचे ताप बगत होतो. आता माझं कुठल्या तोंडानं सांगू?"

मला वाटलं शारदा रडेल किंवा निघून जाईल. तिनं पिशवी स्टुलावर ठेवली, बांगड्या वर सरकवल्या आणि मला म्हणाली, "अक्का, पाय कसा पुसायचा ते मला दाखवा."

मी दाखवलं. कोमट पाणी आपल्या कोपराला लावून बघायचं, त्यांच्या पायाला नाही. बोटांच्या मध्ये कोरडं करायचं. तळवा रोज उजेडात बघायचा, खडा रुतला तरी त्यांना कळणार नाही. ती करत होती, मी बघत होते. हात लावण्याआधी तिनं काही सांगितलं नाही, तिला ती पद्धत माहीत नव्हती. ब्रदरनी पाय ओढून घेतला नाही. घेता आलाही नसता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोटांच्या मधी पाणी राहू देऊ नको."

"नाही राहत," शारदा म्हणाली.

पाय परत आला नाही. जखम भरली, कंबर सुधारली, पण पाऊल वर उचललं जाईना. पोटरीमागून तळव्याखाली येणारी प्लास्टिकची पट्टी बसवून दिली, ती घातली की पाऊल फरशीवर आपटत नसे. हॉस्पिटलनं त्यांना बाहेरच्या विभागात पेशंटांची नावं पुकारायचं काम दिलं, खुर्चीत बसून. काही महिने त्यांनी ते केलं. येता-जाता मी बघायची. समोरून स्ट्रेचर आला, कुणी माणूस उचलायची वेळ आली, की ते खुर्चीतून उठत. मग त्यांच्या लक्षात येई आणि ते परत बसत. दिवसातून अनेकदा हे होई. नावं पुकारताना त्यांची चूक कधी झाली नाही. एके दिवशी त्यांनीच जाऊन सांगितलं, की मला मोकळं करा.

वॉर्डानं शाल दिली. ती त्यांनी घडी मोडू न देता काखेत धरली. चामराजपेटेतली खोली सोडून ते शारदाकडे राहायला गेले. खोलीतलं सामान एका रिक्षात मावलं. मी निरोप द्यायला गेले होते. ते म्हणाले, "येत जा कधी." मी हो म्हटलं. जे. पी. नगर लांब, ड्यूट्या तशाच. एक-दोनदा फोन झाला. "बरं हाय," ते म्हणत, आणि फोन ठेवत.

मागच्या दिवाळीच्या आधी मी इथल्याच शिवाजीनगरला गेले होते, भाचीसाठी कापड घ्यायला. परतताना बसस्टँडकडे चालले होते. गर्दी होती. रस्त्याकडेच्या चपलांच्या दुकानात ब्रदर बसलेले दिसले. केस सगळे पांढरे झाले होते, बाकी तसेच. शेजारी शारदा. दुकानदाराशी ती कन्नडात वाद घालत होती. पट्टीमुळे डाव्या पायाला एक नंबर मोठा बूट लागतो, उजव्याला नेहमीचा. दोन जोडांतले एकेक द्या म्हणत होती. उरलेल्या दोन बुटांचं मी काय करू, असं तो विचारत होता, आणि त्याचंही चुकत नव्हतं.

मी थांबले. हाक मारायची होती.

शेवटी दुकानदारानं मोठ्या नंबरचा बूट खोक्यातून काढला. शारदा खाली बसली, पट्टीसकट पाय बुटात घातला, लेस बांधली. "टाइट इदेया, अंकल?" दुकानदारानं विचारलं. घट्ट होतोय का.

शारदानं टाचेमागून बोट आत घातलं, मग कडेनं, मग अंगठ्यावरून दाबून बघितलं. तो सगळा वेळ ब्रदर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, बूट चावतोय की नाही हे कळण्यासाठी.